सोसायटीची दुर्बीण

मोठी माणसं खोटं बोलतात हे मला चाळीत असतानाच कळलं होतं, त्यात नवल काही नाही. पण सोसायटीतले सगळे पुरुष एका रांगेत उभे राहतात, एकामागून एक पुढे येऊन एक डोळा मिटतात, दुसऱ्या डोळ्यानं काहीही न बघता "वा वा" म्हणतात आणि वर पेढा खाऊन घरी जातात, हे बघायला मला मीरा रोडला यावं लागलं. आम्ही लालबाग सोडून इथं आलो तेव्हा माझी नुकतीच दहावी झाली होती. आई, बाबा, मी आणि माझी धाकटी बहीण नंदा. बाबा फोर्टातल्या एका खासगी कंपनीत कारकून. नव्या ब्लॉकला आम्ही चौघं इतके भुललो होतो, की पाहुणे आले की आई त्यांना आधी घरातला संडास दाखवायची आणि मग बसा म्हणायची. गॅलरीतून मिठागरं दिसायची. रस्ता नव्हता, दिवे नव्हते, पण बिल्डरच्या कागदावर सगळं होतं, बाग होती, कारंजं होतं, चोवीस तास पाणी होतं. त्यातलं कारंजं तेवढं मिळालं, टँकरचा पाइप फुटायचा तेव्हा.

पाण्याचं काय सांगू तुम्हाला. पहाटे टँकर यायचा, तो मागे घेताना क्लीनर पोरगा त्याच्या पत्र्यावर थापा मारून "आने दो, आने दो" असं ओरडायचा, तोच आमचा गजर. पाणी जमिनीखालच्या टाकीत पडायचं, तिथून पंप घर्रर्र करत ते गच्चीवर चढवायचा आणि मग ते आमच्या नळाला खोकत खोकत यायचं. टँकर नाही आला तर आम्ही मुली कळशा घेऊन पेणकरपाड्याकडच्या विहिरीवर. त्या पाण्यात तूरडाळ शिजायची नाही. आई म्हणायची, कुकरच्या शिट्ट्या मोजण्यापेक्षा देवाचं नाव घ्यावं, तेवढंच पुण्य. मग आमच्याकडे कुळथाची पिठी आणि भात, बरोबर भाजलेला सुका बोंबील, कारण पिठीला पाणी कसलंही चालतं. पिण्याचं पाणी आई मोठ्या टोपात उकळायची, फडक्यानं गाळून माठात भरायची. बाबांना ते आवडायचं नाही. "उकळलेलं पाणी म्हणजे बिनमिठाची पेज," असं म्हणून ते तोंड वाकडं करायचे, आणि सिलिंडर संपला की त्या टोपाकडे असं बघायचे जणू त्यानंच तो पिऊन टाकला.

आमचे चेअरमन होते शृंगारपुरे साहेब. कुठल्याशा सरकारी खात्यातून रिटायर झालेले. म्हणजे खातं त्यांच्यातून रिटायर झालं नव्हतं. खाली उतरताना सफारीच्या खिशाला दोन पेनं, एक निळं, एक हिरवं, आणि हिरव्यानं सही केली की ती गोष्ट खरी, असा त्यांचा समज. त्या जमिनीखालच्या टाकीवर त्यांनी माती टाकून बाग केली होती. शेवंती, गुलाब, मध्ये झेंड्याचा खांब. नाव ठेवलं 'बालोद्यान'. बालांना आत जायला बंदी होती. टाकीचं झाकण त्या मातीखाली गेलं ते गेलंच. कुणी विचारलं की टाकी धुवायची कशी, तर साहेब म्हणायचे, "झाकण बंद आहे तर घाण जाईल कुठून?" आणि विचारणारा मान डोलावून घरी जायचा. मलाही तेव्हा ते पटलं होतं, खोटं कशाला सांगू. माणूस जोरात बोलला की अर्धं पटतंच.

पावसाळा संपता संपता पाण्याला वास यायला लागला. घराघरात पोटं बिघडली. मीटिंगमध्ये कुणीतरी म्हणालं, बाटली भरून लॅबमध्ये तपासायला पाठवू या. साहेब हसले. "मी सरकारी नोकरी केलीय. तपासणी कशी होते ते मला शिकवू नका. बाटली एका टेबलावर, रिपोर्ट दुसऱ्या टेबलावर, दोघांची गाठ पडत नाही. आपलं पाणी आपण तपासू." आणि खरंच, दादरला त्यांच्या मेहुण्याच्या ओळखीचे कुणी क्लासवाले होते, त्यांचा क्लास बंद पडला होता, तिथून साहेब एक लाकडी पेटी रिक्षात मांडीवर घेऊन आले. पेटीत सूक्ष्मदर्शक यंत्र. हा शब्द फक्त साहेब म्हणायचे. बाकी सगळी सोसायटी म्हणायची, दुर्बीण.

दुर्बीण आली आणि दुसऱ्याच दिवशी खंडेनवमी. आता खंडेनवमीला आपण कशाकशाची पूजा करतो? कोयता, विळी, शिलाईचं मशीन, स्कूटर. मग दुर्बिणीनं काय पाप केलं होतं? जिन्याखालच्या सोसायटीच्या ऑफिसात टेबलावर पाट, पाटावर नवा टॉवेल, त्यावर दुर्बीण. साहेबांनी रेशमी झब्बा घातला होता. त्यांनी तिला हळद लावली, कुंकू लावलं. नळीला लावलं, स्क्रूंना लावलं, खाली उजेड घ्यायला गोल आरसा असतो त्याला लावलं, आणि फिरत्या चकतीवर तीन भिंगं असतात त्या तिन्हींना, सवाष्णींना लावावं तसं, एकेक बोट लावलं. अक्षता वाहिल्या. नारळ फोडून त्याचं पाणी शिंपडलं. झेंडूचा हार घातला, तो डोळा लावायच्या जागेवरून खाली लोंबत होता. मग टाकीच्या पाण्याचा एक थेंब काचेच्या पट्टीवर घेऊन ती पट्टी आत सरकवली आणि साहेबांनी हार जरा बाजूला करून डोळा लावला.

सगळे पुरुष आत, टेबलाभोवती. बायका आणि आम्ही पोरं दाराबाहेर, कारण साहेबांनी आधीच सांगितलं होतं, "महिलांनी नंतर, हळदीकुंकवाच्या दिवशी बघावं." जिन्याखालच्या त्या खोलीला खिडकी नव्हती. एक ट्यूबलाइट, ती साहेबांच्या पाठीमागे. साहेब बराच वेळ वाकून होते. मोठा स्क्रू इकडे फिरवला, तिकडे फिरवला. मग ताठ झाले आणि म्हणाले, "काहीही नाही."

"म्हणजे?" कुणीतरी विचारलं.

"म्हणजे पाण्यात काहीही नाही. जंतू असते तर दिसले नसते का? निर्मळ. या, एकेकानं या, बघा."

आणि ते आले. रांग लावून आले. कुणी म्हणालं, "वा, एकदम क्लिअर." कुणी म्हणालं, "क्या बात है." एक जण म्हणाला, त्याला काहीतरी काळं, बारीक केसासारखं हलताना दिसतंय. साहेब म्हणाले, "ती तुमची पापणी आहे, मिचकावू नका." तो शरमला आणि पुढचा आला. माझे बाबा आले. मी दारातून बघत होते. बाबांनी चष्मा काढला, वाकले, डोळा लावला, जरा थांबले, मग डोकं वर करून साहेबांकडे बघितलं आणि म्हणाले, "स्वच्छ आहे." साहेबांनी त्यांच्या हातावर पेढा ठेवला.

दुसऱ्या दिवशी नोटीस बोर्डावर हिरव्या सहीनिशी कागद लागला, की सूक्ष्मदर्शक तपासणीअंती टाकीचे पाणी पिण्यास योग्य आढळले आहे, तरी सभासदांनी अफवांवर विश्वास ठेवू नये. त्या कागदाला लोकांनी काय मान दिला! अहो, आजही देतात. परवाच आमच्याकडे टाय लावलेला एक मुलगा आला होता पाण्याचं मशीन विकायला. त्यानं आमच्या ग्लासात दोन सळया बुडवल्या, बटण दाबलं, पाणी तपकिरी झालं. "देखिए आंटी, ये आप पी रहे हो." मी म्हटलं, "बेटा, माझं पाणी नाही, तुझी सळई गंजतेय." तो गेला शेजारी, आणि शेजारच्यांनी मशीन घेतलं. तेव्हा साहेबांचा पेढा होता, आता ह्याची सळई. माणसाला डोळ्यांपुढे काहीतरी चाललेलं दिसलं की बस्स, काय चाललंय ते कळायची गरज नाही.

घरी बाबांनी टोप खाली ठेवायला लावला. आई म्हणाली, "मी उकळणार. माझ्या हाताला काय काटे आलेत?"

"अगं, मी स्वतः बघितलं. डोळा लावून बघितलं. उगाच गॅस जाळायचा?"

"मंजुबेन तर उकळते."

"त्यांच्यात धर्म आहे तो. आपल्यात आहे का?"

मंजुबेन म्हणजे आमच्या शेजारच्या गुजराती बाई, जैन. त्यांच्याकडे पाणी सातपदरी वाटावं अशा जाड कापडातून गाळायचे, मग उकळायचे, मगच प्यायचे. साहेब त्यांना हसायचे, "मंजुबेन, अब साइन्स का जमाना है." मंजुबेन पदर ओढून म्हणायच्या, "हाँ हाँ, जमाना आपका, पानी हमारा." पण आईनं बाबांचं ऐकलं. बाबांनी स्वतः बघितलं होतं ना. टोप माळ्यावर गेला.

दिवाळीचा फराळ संपायच्या आत नंदा आडवी झाली. आधी ताप, मग ओकाऱ्या, मग एका सकाळी आईनं तिला उजेडात नेऊन डोळे बघितले, पिवळेधमक. मजल्यावर आणखी दोघं, खालच्या मजल्यावर तिघं, तसेच. डॉक्टर म्हणाले, "कावीळ. पाण्यातून आलीय. उकळून प्या." बाबा म्हणाले, बाहेरचं पाणी प्यायली असेल, आपलं मी बघितलंय, आणि टोप माळ्यावरच राहिला. पण आमचं घर बदलूनच गेलं. फोडणी बंद, तेल बंद, हळद बंद. पिवळं काही घरात आणायचं नाही, म्हणून आईनं पिवळा टॉवेलसुद्धा ट्रंकेत टाकला. मऊ भात, मुळ्याचा पाला, भाजलेले चणे आणि स्टेशनवरून पिशवीतून आणलेला उसाचा रस, त्यावरच्या माश्या आमच्याबरोबर घरापर्यंत यायच्या. नंदा, माझी बडबडी नंदा, भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. उठून बाथरूमपर्यंत गेली तर धापा टाकायची. तिचं मनगट माझ्या दोन बोटांत मावायला लागलं. एकदा तिनं मला विचारलं, "सुमीताई, मी अशीच पिवळी राहणार?" मी म्हटलं, "वेडी का काय, सोनं झालंय तुझं." आणि स्वयंपाकघरात जाऊन रडले.

आईला कुणी सांगितलं, डोंगरीला एक बाई कावीळ उतरवते. दोन बस बदलून आई नंदाला घेऊन गेली, धरायला मी. बाईनं नंदाच्या हाताला कसलासा पाला चोळला, मग चुन्याच्या निवळीत हात धुतले, तर पाणी पिवळं. "ही बघ, उतरली." आई खूश. मी पाठोपाठ तोच पाला चोळून स्वतःचे हात पुढे केले, मला तर कावीळ नव्हती, माझं पाणीही पिवळंच. बाईनं माझ्याकडे असं बघितलं, की मी हात आईच्या पदराला पुसले. ही गोष्ट साहेबांना कळली तेव्हा जिन्यात आईला अडवून म्हणाले, "घागवहिनी, शिकलेल्या घरात या अंधश्रद्धा? मुलीनं बाहेर पाणीपुरी खाल्ली असणार. आपलं पाणी तर आपण तपासलंय." आई बिचारी खाली मान घालून वर आली. मला इतका राग आला! डोंगरीच्या बाईनं निदान चुना तरी वापरला होता. साहेबांनी काय वापरलं होतं, कुंकू?

मी अकरावी सायन्सला होते. आमच्या कॉलेजात दुर्बिणी होत्या, म्हणजे एका दुर्बिणीमागे सहा मुली. बायोच्या मॅडम फार तिखट. आमचं पहिलं प्रॅक्टिकल लागलं ते नंदाच्या आजारपणातच. मॅडम म्हणाल्या, "आरशात स्वतःचं तोंड बघायचं नाही, उजेड बघायचा. खिडकीकडे करा. सूर्य धरू नका, डोळा जाईल, आभाळ धरा. आधी सगळ्यात छोटं भिंग, फिरवून टक् आवाज आला पाहिजे. मग बाजूनं बघत नळी खाली. काचेला टेकायला आली की थांबा, मग डोळा लावा आणि आता वर, हळूहळू वर. डोळा लावून खाली आणणारी मुलगी माझी स्लाइड फोडते आणि वर्षभर माझ्या लक्षात राहते." मग त्यांनी विचारलं, "सगळं काळं दिसलं तर काय समजायचं?" आणि स्वतःच सांगितलं, "समजायचं की भिंग टक् करून बसलं नाही, किंवा आरसा उलटा आहे, किंवा तुम्ही उल्लू आहात. काळं म्हणजे काही नाही असं नव्हे. काळं म्हणजे तुम्ही अजून बघितलंच नाही."

वर्गात मुली हसल्या. माझ्या डोळ्यांपुढे सोसायटीचं ऑफिस आलं. बिनखिडकीची खोली, साहेबांच्या पाठीमागची ट्यूबलाइट, आरशावर कुंकू. सगळ्यांना काळं दिसलं होतं. एकूण एक जणाला. त्या दिवशी घरी आल्यावर मी बाबांना विचारलं, "बाबा, दुर्बिणीत तुम्हाला काय दिसलं होतं?"

"पाणी."

"कुठल्या रंगाचं?"

"पाण्याला रंग असतो का गं?" असं म्हणून ते उठले आणि गॅलरीत जाऊन उभे राहिले. नंदाच्या अंथरुणाशेजारून जाताना त्यांनी खाली बघितलं नाही.

त्या दिवशी आईनं कुणाला न विचारता टोप माळ्यावरून काढला. पण आमच्या एका घरानं उकळून काय होणार? खालच्या मजल्यावर अजून नळाला तोंड लावून पाणी पीत होते, कारण बोर्डावर कागद होता. टाकी उघडायला हवी होती, आणि टाकी उघडायची तर साहेबांचं उद्यान उकरायला हवं होतं. पुढ्यात सव्वीस जानेवारी. शेवंती ऐन बहरात.

मी शृंगारपुरेकाकूंकडे गेले. काकू म्हणजे साहेबांची बायको, गोल चेहऱ्याची, हातात कायम काहीतरी निवडायला घेतलेली. मी म्हटलं, "काकू, ऑफिसची किल्ली द्याल का? मला दुर्बीण बघायचीय, प्रॅक्टिकलसाठी." काकूंनी मेथी निवडता निवडता माझ्याकडे बघितलं. "नंदा कशी आहे?" मी म्हटलं, "तशीच." काकू उठल्या, आतून किल्ली आणली. "साहेब दादरला गेलेत. ते दर गुरुवारी तिला पिसानं झटकतात, उदबत्ती लावतात. माझ्याकडे एवढं लक्ष देत नाहीत. चल, मीपण येते."

आम्ही ती वर आमच्या गॅलरीत आणली. हार सुकून दोरा झाला होता. पेटीत एक अक्षतेचा दाणा, त्याला मुंगी. भिंगांवर हळदकुंकू नारळाच्या पाण्यात भिजून वाळलेलं, त्याची चिक्की झालेली. काकूंनी जुन्या मलमलच्या साडीचा तुकडा आणला, मी तोंडाच्या वाफेनं आणि थोड्या स्पिरिटनं एकेक भिंग पुसलं, घासून नाही, टिपून, मॅडमनी तसंच सांगितलं होतं. आरसा पाठमोराच होता, कुंकूसुद्धा पाठीलाच लागलेलं. म्हणजे त्या दिवशी इतकं सगळं नाटक झालं आणि आरशाची पाठ उजेडाकडे! तो फिरवला, मिठागरावरचं मोकळं आभाळ त्यात धरलं. चकती फिरवली, टक्. आदल्या दिवशीचं न उकळलेलं टाकीचं पाणी बादलीत होतं, तळाचा गाळ होता त्यातला एक थेंब पट्टीवर घेतला, वर कॉलेजातून मागून आणलेली नखाएवढी पातळ काच तिरकी करून अलगद सोडली, बुडबुडा होऊ नये म्हणून. बाजूनं बघत नळी खाली. मग डोळा लावला.

उजेड होता. पहिल्यांदा नुसता उजेड, तव्यावर घावन पसरावं तसा गोल, पांढरा. मी नळी हळूहळू वर घेतली. धुकं होतं, ते दाटलं, विरलं, आणि एकदम, काय सांगू, जत्रा! हिरवे तुकडे, तंतू, कसली कसली काडी, आणि त्यातून इकडून तिकडे पळणारे, चपलेच्या तळव्यासारखे पारदर्शक जीव. धडकायचे, मागे व्हायचे, वळायचे, पुन्हा सुटायचे. एक बारीक दोऱ्यासारखा किडा स्वतःच्याच गाठी मारत होता. मला आधी आनंद झाला, हे खरं. आणि मग आतून नंदाचा खोकला ऐकू आला.

काकूंनी डोळा लावला आणि "अगं बाई गं" म्हणून मागे सरकल्या. पुन्हा लावला. "मेल्यांना काही कामधंदा? नुसते फिरतायत. अगदी कमिटीच." मी मंजुबेनना हाक मारली. त्यांनी बघितलं आणि त्यांच्या डोळ्यांत पाणीच आलं. "कितने सारे जीव! बेटा, मैं तो गालती थी, तब भी मन में कहती थी कि शायद कुछ होगा नहीं." त्यांनी त्या थेंबाला हात जोडले. मग पदर खोचून म्हणाल्या, "अब नीचे सबको दिखाओ. उन्होंने तो हमको बाहर खड़ा रखा था ना?"

एक गोष्ट आज मला ठाऊक आहे, ती तेव्हा नव्हती. काविळीचा जंतू त्या दुर्बिणीत दिसतच नाही. कुठल्याच साध्या दुर्बिणीत नाही, आरसा कितीही सुलटा धरला तरी. मी बघितलेल्या त्या चपलांनी नंदाला काही केलं नव्हतं. पण ज्या टाकीत त्यांना जेवायला मिळतं, तिथं बाहेरची घाण पोचलेली असते, एवढं खरं. म्हणजे साहेबांना काळं दिसलं आणि ते म्हणाले निर्मळ, मला किडे दिसले आणि मी म्हटलं हीच कावीळ. चुकलो दोघंही. फरक एवढाच, की मी डोळा उघडा ठेवून चुकले.

रविवारी सकाळी पार्किंगमध्ये मीटिंग होती, झेंडावंदनाची. साहेब शेवंतीच्या कुंड्या कुठं मांडायच्या ते सांगत होते. काकू जिन्यावरून दुर्बीण घेऊन उतरल्या, कडेवर मूल घ्यावं तशी, मागे मी, मंजुबेन, आई. काकूंनी ती उन्हाजवळच्या टेबलावर ठेवली.

"हे काय?" साहेब म्हणाले.

"हळदीकुंकू," काकू म्हणाल्या. "बायकांची पाळी आलीय बघायची."

मी थेंब लावला, आभाळ धरलं, दिसेपर्यंत आणलं आणि बाजूला झाले. "साहेब, बघा." त्यांना नाही म्हणता येईना, सगळे बघत होते. ते वाकले. वाकलेलेच राहिले. मी त्यांचा कान बघत होते, तो हळूहळू लाल झाला. ताठ झाले तेव्हा आवाज मात्र तोच. "हे पाणी कुठलं?"

"टाकीचं."

"तुमच्या बादलीचं म्हणा. बादली घासली नसेल. घरात आजारी माणूस, घाण असणारच. टाकीचं पाणी मी स्वतः तपासलंय. इथं उभ्या असलेल्या प्रत्येकानं तपासलंय." आणि ते वळले माझ्या बाबांकडे. का बाबांकडे? कारण बाबा सोसायटीत सगळ्यांत गरीब गाय. "घाग, तुमची मुलगी आहे. तुम्हीच सांगा तिला. तुम्ही बघितलं होतं ना? काय म्हणाला होतात?"

बाबा मागच्या रांगेत, खांबाजवळ. ते पुढे आले. चष्मा काढून खिशात ठेवला, वाकले, डोळा लावला. किती वेळ ते तसे होते कोण जाणे. पार्किंगमध्ये कुणाच्या तरी कुकरची शिट्टी ऐकू आली. मला वाटत होतं, आता हे पुन्हा म्हणणार, स्वच्छ. आणि म्हटलं असतं ना, तर मी त्यांच्याशी जन्मात बोलले नसते, इतकी मी तेव्हा कडक होते.

बाबा उभे राहिले. "हलतंय," ते म्हणाले. मग म्हणाले, "साहेब, त्या दिवशी मला काही दिसलं नव्हतं. काळं होतं. मी खोटं बोललो."

बाबांनी चष्मा लावला. "माझी मुलगी आडवी पडलीय घरी. मी तिला सांगितलं, पाणी बघितलंय मी, पी."

मग मागून तो पापणीवाला माणूस म्हणाला, "मलापण काळंच दिसलं होतं." कुणी म्हणालं, "मेरे को भी." आणि मग एकेक, एकेक. अहो, चार महिने गप्प असलेली ही सगळी मंडळी! आता प्रत्येकाला आठवायला लागलं, की त्याला तेव्हाच शंका आली होती, तो बोलणारच होता, पण पेढा तोंडात होता. मला हसू आलं आणि थुंकावंसंही वाटलं. साहेब एकटे पडले. त्यांनी खिशातून पेन काढलं, पुन्हा ठेवलं. काकू म्हणाल्या, "अहो, शेवंती पुन्हा लावता येते."

पुढचं आधीच सांगून टाकते, म्हणजे मोकळी होईन. दोन दिवसांनी बिगारी लावून उद्यान उकरलं. टाकीच्या एका कोपऱ्याला तडा होता, शेजारी तळमजल्याच्या संडासांचं चेंबर, त्याचंही पोट फुटलेलं. शेवंतीच्या मुळांनी तड्यातून आत पाय सोडले होते. वास असा की बिगारी नाक बांधून वर आले. झेंडावंदन त्या वर्षी रस्त्यावर झालं. आणि नंतर बोर्डावर हिरव्या सहीनिशी कागद लागला, की सोसायटीच्या सूक्ष्मदर्शकाच्या साहाय्याने कमिटीने वेळीच धोका ओळखून टाकीची दुरुस्ती हाती घेतली आहे. लोकांनी तोही वाचला, मान डोलावली. अशी माणसं. त्यांच्यात मी वाढले, त्यांच्यातच म्हातारी झाले, आणि खरं सांगायचं तर त्यांच्यावाचून मला करमतही नाही.

पण त्या रविवारी संध्याकाळी आमच्या घरी काय झालं ते सांगायचंय. बाबा स्वयंपाकघरात आले. ते कधी यायचे नाहीत, चहाचा कपसुद्धा दारातून घ्यायचे. त्यांनी टोप घेतला, भरला, काडी कुठं असते ते आईला विचारलं आणि गॅस पेटवला. आई पोळ्या लाटत होती, ती जरा सरकली. पाण्याला उकळी फुटली. आई म्हणाली, "झालं. बंद करा." बाबा म्हणाले, "अजून थोडं." पाणी खदखदायला लागलं, वाफेनं त्यांचा चष्मा पांढरा झाला, तरी उभेच. आई म्हणाली, "अहो, सगळं आटवाल."

"बाबा," नंदा आतून म्हणाली, बारीक आवाजात, पण कितीतरी दिवसांनी रागानं, "मला आत्ता तहान लागलीय!"

बाबांनी गॅस बंद केला. वाटीत थोडं पाणी काढलं, ती फडक्यात धरून नंदाच्या अंथरुणाशी जाऊन बसले आणि फुंकर घालत राहिले. बराच वेळ. मग वाटी पुढे केली, आणि ती हात लावणार तेवढ्यात मागे घेतली, पहिला घोट स्वतः प्यायले, आणि मग तिला दिली.